पहिल्यांदाच डालीचं काम घेताय? आधी यादी करा, मग वायर ओढा

सांगली-मिरजेत डिमिंग, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणं, म्हटलं की पूर्वी नाट्यगृहातले डिमर किंवा बंगल्याच्या हॉलमधलं गोल बटण, एवढंच आठवायचं. आता हॉस्पिटलचे वॉर्ड, कार्यालयं, अभ्यासिका, मोठी मंगल कार्यालयं यांच्या ड्रॉइंगवर आर्किटेक्ट ‘डाली’ लिहून मोकळे होतात. काम मात्र येतं कालपर्यंत टू-वे स्विच आणि डीबी (वीज वाटपाची पेटी) लावणाऱ्या माणसाकडे. मी विश्रामबागेत राहतो, वायरिंगची कामं घेतो आणि या गोंधळातून गेलो आहे. हा लेख आयटीआय करून नुकतेच साइटवर आलेल्यांसाठी आणि डालीचं पहिलं काम अंगावर घेतलेल्या ठेकेदारांसाठी आहे.

डाली म्हणजे डिजिटल ॲड्रेसेबल लाइटिंग इंटरफेस. आयईसी ६२३८६ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. साध्या वायरिंगमध्ये कुठला दिवा कुठल्या बटणावर, हे वायर ठरवते. डालीत सगळ्या दिव्यांना तीच दोन वायरींची लाइन जाते आणि कोणी कोणाचं ऐकायचं ते नंतर संगणकावरून ठरतं. त्यामुळे उद्या भिंत फोडून, पाइप उपसून बघितलं तरी काही कळत नाही. कळतं ते फक्त यादीतून. ही यादी पहिल्या दिवसापासून लिहायला घ्या. खालची प्रत्येक पायरी शेवटी त्या यादीपाशीच येते.

१. मागितलंय काय, ते आधी नक्की करा

ड्रायव्हर म्हणजे एलईडी दिव्याला लागेल तशी वीज देणारी डबी. ‘डिमेबल ड्रायव्हर’ एवढं वाचून माल मागवू नका. दुकानात हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींवर छापलेला असतो. पहिली फेज-कट: भिंतीवरचा डिमर वीज कापून पाठवतो, वेगळी कंट्रोल वायर नसते. दुसरी ०-१० किंवा १-१० व्होल्ट: दोन कंट्रोल वायरी असतात, पण प्लस-मायनस सांभाळावं लागतं, दिव्याला पत्ता (स्वतःचा क्रमांक) नसतो आणि गट वायरिंगनेच पाडावे लागतात. तिसरी डाली.

ड्रायव्हरच्या अंगावर ‘डीए-डीए’ असे दोन टर्मिनल आणि डाली-२ चं चिन्ह आहे का बघा. साधा एका रंगाचा एलईडी ड्रायव्हर ‘डीटी ६’ प्रकारात येतो. उबदार ते पांढरा असा प्रकाशाचा रंग बदलायचा असेल तर ‘डीटी ८’ लागतो. ड्रॉइंगवर रंग बदलणारे दिवे आणि माल डीटी ६ चा, असं झालं तर ते काम सॉफ्टवेअरमधून निभावता येत नाही.

एका हॉलमध्ये दोन कंपन्यांचे ड्रायव्हर मिसळू नका. नियमात बसतं, पण एकाची किमान पातळी १ टक्का आणि दुसऱ्याची १० टक्के निघाली की सगळं मंद केल्यावर छताला ठिगळं दिसतात. आणि ग्राहक येतो तेव्हा आधी छताकडेच बघतो.

२. हाताशी काय हवं

कागद आधी: दिव्यांच्या जागा दाखवणारं लाइटिंग ड्रॉइंग, प्रत्येक ड्रायव्हर-सेन्सर-पॉवर सप्लायची डेटाशीट, डीबीचा तक्ता (कुठल्या एमसीबीवर काय आहे तो), आणि आपली यादी. यादीचे रकाने मी असे ठेवतो: लाइन क्रमांक, पत्ता, खोली, दिव्याची जागा, ड्रायव्हरचं मॉडेल, ग्रुप, एमसीबी क्रमांक, बदल केल्याची तारीख.

हत्यारं नेहमीचीच. त्यात मल्टीमीटर, डालीचा यूएसबी इंटरफेस, त्याचं सॉफ्टवेअर टाकलेला लॅपटॉप आणि उजेड मोजणारा लक्स मीटर एवढी भर. मोबाइलच्या ॲपवर लक्स मोजून बिल काढू नका. फोन बदलला की आकडा बदलतो.

३. गणित: ६४ आणि २५०

एका डाली लाइनवर जास्तीत जास्त ६४ ड्रायव्हर बसतात, त्यांचे पत्ते ० ते ६३. ग्रुप (एका हुकमावर चालणारे दिवे) १६, सीन (साठवून ठेवलेल्या उजेडाच्या मांडण्या) १६. लाइनला वीज देणारा पॉवर सप्लाय २५० मिलीअँपिअरपेक्षा मोठा चालत नाही. दोन सप्लाय समांतर जोडले तरी मिळून मर्यादा तीच, आणि तेव्हा प्लस-मायनस जुळलेलंच हवं.

गणितासाठी प्रत्येक ड्रायव्हरमागे २ मिलीअँपिअर धरा. सेन्सर आणि बटणं याच लाइनवरून वीज घेतात आणि बहुधा ड्रायव्हरपेक्षा जास्त घेतात. त्यांचा आकडा डेटाशीटमधून काढा. समजा अभ्यासिकेत ४८ दिवे आहेत: ९६ मिलीअँपिअर. डेटाशीटप्रमाणे १० मिलीअँपिअरचे ४ सेन्सर: ४०. ६ मिलीअँपिअरचे ३ बटण-पॅनेल: १८. बेरीज १५४. इथे २०० चा सप्लाय पुरतो.

६४ च्या ६४ जागा भरू नका. पन्नासच्या आसपास थांबा. फर्निचर बसलं की मालकाला हमखास आणखी चार दिवे सुचतात, आणि पासष्टाव्या दिव्यासाठी नवी लाइन, नवा सप्लाय आणि कंट्रोलरवर (दिव्यांना हुकूम देणाऱ्या यंत्रावर) नवा पोर्ट लागतो.

काही नव्या ड्रायव्हरमध्ये लाइनला वीज देणारा छोटा सप्लाय आतच असतो. ‘डी ४ आय’ लिहिलेला माल आला तर डेटाशीट बारकाईने वाचा. तो आतला सप्लाय चालू राहिला आणि बाहेरूनही आपण सप्लाय दिला तर २५० ची मर्यादा नकळत ओलांडली जाते.

४. वायर ओढताना

डालीची वायर ओढणं सोपं आहे, आणि म्हणूनच लोक इथे निष्काळजी होतात. दोन वायरी, ड्रायव्हरला त्या उलटसुलट लावल्या तरी चालतात. एकापुढे एक, चांदणीसारखी फाटे फोडत, झाडासारखी, कशीही न्या. फक्त गोल बंद करू नका. शेवटच्या दिव्यावरून वायर परत पॅनेलला आणून जोडायची सवय असेल तर ती इथे सोडा.

लाइनच्या दोन सगळ्यात लांबच्या टोकांमधलं अंतर १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३०० मीटरपर्यंत. वायर बारीक झाली की अंतर घटतं: ०.५ वर साधारण १०० मीटरच धरा. मुद्दा व्होल्टेज ड्रॉपचा आहे, तो २ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. लाइनवर जेमतेम १६ व्होल्ट डीसी असतात, म्हणून पोरं तिला टेलिफोनच्या वायरसारखी वागवतात. डालीचं इन्सुलेशन मेन्सपासून तेवढं वेगळं केलेलं नसतं. मानकात तिला सुरक्षित कमी व्होल्टेजची वायर मानलेलंच नाही. वायर २३० व्होल्टच्या दर्जाचीच वापरा आणि हातही तसाच लावा. याचा फायदाही आहे: फेज, न्यूट्रल, अर्थ आणि दोन डाली अशी पाच कोअरची एकच केबल दिव्यापर्यंत नेता येते. नेटवर्क किंवा सीसीटीव्हीच्या वायरींबरोबर मात्र एका पाइपात घालू नका.

डालीच्या दोन वायरींना लाल, पिवळा, निळा, काळा, हिरवा यांपैकी रंग देऊ नका. दुसरे कुठलेही दोन रंग निवडा आणि ते डीबीच्या दारावर आतून लिहून ठेवा. चुकून २३० व्होल्ट डालीच्या जोडीवर गेले तर बरेच ड्रायव्हर तग धरतात. सप्लाय आणि सेन्सर धरतीलच असं नाही.

अजून एक. काही ड्रायव्हरच्या त्याच डीए-डीए टर्मिनलवर बेलसारखं पुश बटण लावून मेन्सने डिम करायची सोय असते. डाली लाइनला जोडलेल्या ड्रायव्हरवर ती वापरायची नाही. दोन्हींपैकी एकच.

एमसीबीची निवड नुसत्या वॅटवर करू नका. चालू होताना एलईडी ड्रायव्हर क्षणभर फार मोठा करंट ओढतो. वॅटच्या हिशोबाने ३० दिवे बसत असतील तरी डेटाशीटमध्ये ‘सी १० वर इतके, सी १६ वर इतके’ असा तक्ता असतो, तो पाळा. नाहीतर लाइट आली की एमसीबी पडणार आणि लोक डालीच्या नावाने बोटं मोडणार.

पॅनेलची जागा हा आपल्याकडचा खास विषय. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं ते गावाला पाठ आहे. गावभाग, खणभाग, मारुती रोडच्या बाजूला इमारत असेल तर कंट्रोलर आणि डाली सप्लाय तळमजल्यावर लावू नका. पहिल्या मजल्यावर नेल्याने वायर थोडी जास्त जाईल, ती जाऊ द्या. कुपवाड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रश्न उलटा: एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली जीव नकोसा होतो. ड्रायव्हरवर छापलेली तापमानाची मर्यादा बघून तो पत्र्याला चिकटवण्याऐवजी खाली घ्या.

५. लॅपटॉप जोडण्याआधी

मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) मारायचा असेल तर ड्रायव्हर जोडण्याआधी मारा. डालीच्या दोन वायरींमध्ये ५०० व्होल्ट सोडले आणि पलीकडे ड्रायव्हर जोडलेले असले तर सगळी लाइन एका दमात जाते.

मग वीज द्या. नवाकोरा ड्रायव्हर वीज मिळताच १०० टक्के पेटतो. एखादा पेटला नाही तर दोष मेन्सच्या बाजूला किंवा ड्रायव्हर-दिव्यात आहे, डालीत नाही. नंतर लाइनवर मल्टीमीटर लावा. १६ व्होल्टच्या आसपास डीसी दिसायला हवेत. शून्याजवळ काही दिसलं तर लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. सप्लाय करंट मर्यादित ठेवतो, त्यामुळे शॉर्ट झाला तरी ठिणगी नाही की वास नाही, मीटरशिवाय पत्ताच लागत नाही. लाइन मधोमध सोडा, कुठल्या अर्ध्यात दोष आहे बघा, तो अर्धा पुन्हा निम्मा करा.

त्यानंतर इंटरफेसवरून सगळ्यांना एकदम ‘बंद’चा हुकूम द्या. याला अजून पत्ते लागत नाहीत. जे दिवे पेटलेलेच राहिले, त्यांच्यापर्यंत डालीची वायर पोचलेली नाही. फॉल्स सीलिंगवाला पट्ट्या ठोकून मोकळा होण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे. त्याच्याशी गोड बोलून दोन दिवस मागून घ्या.

आणि सोबतच्या पोरांना हे ठणकावून सांगा: डालीवर बंद केलेला दिवा म्हणजे वीज बंद नव्हे. ड्रायव्हरला २३० व्होल्ट मिळतच असतात, तो पुढच्या हुकमाची वाट बघत बसलेला असतो. दिव्याला हात लावायचा तर एमसीबी पाडून, टेस्टर लावूनच.

६. पत्ते देणं

सॉफ्टवेअरमध्ये शोध सुरू केला की प्रत्येक ड्रायव्हर स्वतःसाठी २४ बिटांचा एक यादृच्छिक आकडा निवडतो. सॉफ्टवेअर ते आकडे हुडकत जातं आणि सापडेल त्याला ०, १, २ असे छोटे पत्ते वाटतं. म्हणजे ० नंबरचा दिवा दाराशी आणि १ नंबरचा पार दुसऱ्या टोकाला, असं होणारच. त्यात दोष शोधू नका.

आता माणसांचं काम. एकाने लॅपटॉपवर पत्ता निवडून तो दिवा लुकलुकवायचा, दुसऱ्याने ड्रॉइंग हातात घेऊन त्या दिव्यापाशी पेन्सिलीने आकडा लिहायचा. संध्याकाळी करा, लुकलुकणं लगेच दिसतं. फोनवरून ओरडून करू नका, ‘सात’ आणि ‘साठ’ यात घोळ होतो. लिहून झालं की त्याच रात्री यादीत उतरवा.

सॉफ्टवेअरला दिव्यांची संख्या कमी सापडली तर आधी वीज बघा. कोणीतरी दिव्यांच्या फेजमध्ये साधा स्विच टाकलेला असतो आणि तो बंद असतो. मालकाला तो स्विच कितीही हवाहवासा वाटला तरी काढायला लावा. वीज नसलेला ड्रायव्हर डालीला दिसतच नाही.

दोन सापळे इथे कायम असतात. पहिला: काही सॉफ्टवेअर ० ते ६३ मोजतात, काही १ ते ६४. ग्रुपचंही तसंच. यादीच्या डोक्यावर कुठली पद्धत वापरली ते लिहा, नाहीतर पुढचा माणूस प्रत्येक दिव्यात एकाने चुकेल. दुसरा: नंतर दोन दिवे वाढवताना ‘नवीन इन्स्टॉलेशन’ हे बटण दाबलंत तर जुने सगळे पत्ते पुसले जाऊन पुन्हा वाटले जातात. तिथे ‘फक्त नवे’ किंवा त्या अर्थाचा पर्याय शोधा.

७. ग्रुप आणि सीन

ग्रुप पाडताना खोलीच्या आकाराकडे बघू नका, प्रकाश कुठून येतो आणि माणसं कुठे बसतात ते बघा. अभ्यासिकेत खिडकीलगतची रांग एक ग्रुप, मधली दुसरा, आतली तिसरा. एक दिवा एकाहून जास्त ग्रुपमध्ये असू शकतो, त्याचा फायदा घ्या.

मंगल कार्यालयात सीनची खरी मजा आहे. ‘सीन ३’ असं बटणावर छापू नका. ‘मुहूर्त’, ‘पंगत’, ‘रिसेप्शन’, ‘झाडलोट’ असं छापा. मुहूर्ताला स्टेज पूर्ण आणि हॉल थोडा कमी. पंगतीला सगळीकडे भरपूर, कारण ताटातलं दिसलं नाही की तक्रार थेट मालकाकडे जाते. झाडलोटीला १०० टक्के. सीन बदलताना फेड, म्हणजे उजेड हळूहळू बदलायचा वेळ, २ ते ४ सेकंदांचा ठेवा. मानकात ९० सेकंदांच्या फेडचीही सोय आहे, पण बटण दाबल्यावर चार सेकंदांत काही झालं नाही की माणूस पुन्हा दाबतो.

टक्के टाकताना जपून. डालीच्या पातळ्या १ ते २५४ असतात आणि डोळ्याला पटेल अशा वक्ररेषेवर बसवलेल्या असतात. १२७ म्हणजे निम्मं समजून आकडा टाकलात तर प्रकाश ३ टक्क्यांच्या आसपास येतो. खरा ५० टक्के प्रकाश २२९ वर मिळतो, १० टक्के १७० वर. सॉफ्टवेअर टक्के मागतंय की पातळी, ते वाचा.

हॉलमधल्या चाळीस दिव्यांना एकेक करून हुकूम पाठवू नका. डालीचा वेग सेकंदाला १२०० बिट एवढाच आहे, दिवे एकामागून एक बदलताना स्पष्ट दिसतात. ग्रुपला किंवा सीनला एकच हुकूम पाठवला की सगळे एकदम हलतात. स्टेजवरच्या नाटकी प्रकाशासाठी डीएमएक्स ५१२ ही वेगळी, कितीतरी वेगवान पद्धत आहे. कुणी डालीवर डिस्को मागितला तर नम्रपणे नाही म्हणा.

८. लाइट जाते आणि येते तेव्हा

हा भाग परदेशी माहितीपुस्तिकांमध्ये दोन ओळींत उरकलेला असतो. आपल्याकडे तक्रारी इथूनच येतात.

ड्रायव्हरमध्ये दोन सेटिंग असतात. ‘पॉवर ऑन लेव्हल’ म्हणजे गेलेली लाइट परत आल्यावर किती पेटायचं. ‘सिस्टिम फेल्युअर लेव्हल’ म्हणजे डालीच्या लाइनवरची वीज गेली तर किती पेटायचं. कारखान्यातून दोन्ही १०० टक्क्यांवर येतात. मिरजेतल्या एखाद्या वॉर्डात पहाटे तीनला लाइट क्षणभर जाऊन आली की सगळे दिवे रुग्णांच्या तोंडावर पूर्ण पेटणार. अशा ठिकाणी पॉवर ऑन लेव्हल २५५ ठेवा, म्हणजे दिवा शेवटच्या पातळीवर परत जातो. जिने आणि बाहेर पडायच्या वाटा मात्र १०० टक्केच असू द्या.

इन्व्हर्टरचं गणित याहून फसवं. दिवे इन्व्हर्टरवर आणि डालीचा सप्लाय साध्या लाइनवर, असं केलंत तर लाइट जाताच डाली लाइन मरते, ड्रायव्हरना मात्र वीज मिळत राहते. मग ते फेल्युअर लेव्हलला, म्हणजे १०० टक्क्यांना जातात. ३० टक्क्यांचा हिशोब धरून घेतलेला इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडतो. डाली सप्लाय आणि कंट्रोलर हे दिव्यांच्याच इन्व्हर्टरवर घ्या, आणि फेल्युअर लेव्हलही विचार करून ठेवा. तिथेही २५५ म्हणजे ‘आहे तसं राहा’.

ताबा देण्याआधी मेन स्विच खरोखर पाडून, परत चढवून बघा. फक्त सॉफ्टवेअरमधला आकडा बघून समाधान मानू नका.

९. सेन्सर

माणसाची चाहूल घेणारा सेन्सर पंख्याच्या किंवा एसीच्या झोताजवळ नको. अभ्यासिकेत तर वेळ मोठीच ठेवा: मान खाली घालून तासभर वाचणारा मुलगा सेन्सरला दिसत नाही आणि अंधार झाला की हात हलवत बसतो. मी अशा ठिकाणी पूर्ण बंद न करता २० टक्क्यांवर आणतो.

उजेड मोजणारा सेन्सर खिडकीच्या काचेकडे तोंड करून नको, खाली टेबलाकडे बघणारा हवा. टेबलावर लक्स मीटर ठेवून तो रात्री एकदा आणि भर दुपारी एकदा जुळवा. कार्यालयात आणि वाचनाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स हा नेहमीचा आकडा. टेबलांवर गडद लॅमिनेट बसणार असेल तर ते बसल्यावरच जुळवा, आधी केलेलं वाया जातं.

१०. ताबा देताना, आणि नंतर ड्रायव्हर जळाला तर

मालकाला तीन गोष्टी द्या: भरलेली यादी छापील स्वरूपात, पत्ते लिहिलेलं ड्रॉइंग, आणि सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर. कंट्रोलरचा पासवर्डही. काही ठेकेदार हे मुद्दाम देत नाहीत, म्हणजे मालकाने पुन्हा त्यांनाच बोलवावं. दुसऱ्याने तसं सोडलेलं काम तुमच्या वाट्याला आलं तर ६४ दिवे नव्याने लुकलुकवत बसायचा मेहनताना आधी ठरवून घ्या.

ड्रायव्हर जळाला तर त्याच मॉडेलचा आणा. नव्याला पत्ता नसतो, ग्रुप माहीत नसतात, सीन माहीत नसतात, म्हणून तो ‘सगळ्यांना’ दिलेले हुकूम तेवढे ऐकतो. ‘फक्त नवे’ शोधून त्याला जुन्याचाच पत्ता द्या, यादीतून ग्रुप, सीन, पॉवर ऑन आणि फेल्युअर लेव्हल परत भरा. एका वेळी एकच ड्रायव्हर बदला. तीन एकदम बदलले तर कुठला कुठल्या जागेचा, हे पुन्हा लुकलुकवूनच शोधावं लागतं. बदल झाला की छापील यादीत त्या ओळीपुढे नव्या ड्रायव्हरचं मॉडेल आणि तारीख पेनाने लिहा, आणि प्रोजेक्ट फाइल नव्याने सेव्ह करून पेनड्राइव्हवरची जुनी बदला.